इटलीत केस कापायचे तर काय म्हणावे?

प्रश्न : आमची मुलगी मिलानला शिकते. तिच्याकडे आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी जाणार आहोत. ती दिवसभर विद्यापीठात असणार, त्यामुळे केस कापणे, औषधे आणणे, बसचे तिकीट काढणे ही कामे आम्हालाच करावी लागतील. मी पुस्तकातून ‘व्होल्यो’ म्हणजे ‘मला पाहिजे’ असे पाठ केले, तर मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, हे उर्मट वाटतं.” मग मागावे तरी कसे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे. ‘व्होल्यो’च्या जागी ‘व्होर्रेई’ म्हणावे. आपण तिकीट खिडकीवर ‘दोन तिकिटे हवी होती’ असे म्हणतो. तिकिटे हवी असतात आत्ता, तरीही ‘होती’ लावतो, कारण त्याने मागणीची धार कमी होते. इटालियनमध्ये हेच काम क्रियापदाचे संकेतार्थी रूप करते. ‘व्होर्रेई’, त्यापुढे वस्तूचे नाव आणि शेवटी ‘पेर फाव्होरे’, म्हणजे ‘कृपया’, एवढ्या सांगाड्यावर बरीच कामे होतात.

मात्र त्याआधी अभिवादन हवे. सीताबर्डीवर ‘भाऊ, हे कितीला?’ असे थेट विचारले तरी कोणी मनावर घेत नाही. इटलीत दुकानात शिरताच ‘बुओन्जोर्नो’ आणि दुपार कलल्यावर ‘बुओनासेरा’ म्हणणे अपेक्षित असते. ‘चाओ’ ओळखीच्यांसाठी राखून ठेवावे. अनोळखी माणसाचे लक्ष वेधताना ‘स्कूझी’ म्हणावे, ‘स्कूझा’ नव्हे. हा फरक आपल्या ‘अहो’ आणि ‘अरे’ एवढाच आहे, त्यामुळे तो मराठी माणसाला निराळा शिकवावा लागत नाही.

उच्चारांतही आपली बाजू भक्कम आहे. इटालियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि जोडाक्षरावरचा आघात ‘पत्ता’ म्हणताना आपण देतोच. तो गाळू नये, कारण ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी आणि ‘पेना’ म्हणजे दुःख.

न्हाव्याकडे ‘व्होर्रेई उना स्पुन्तातीना’ म्हटले की तो केसांची फक्त टोके कापतो. हा शब्द विसरलात, तर डोके कोणत्या अवस्थेत परत मिळेल ते सांगवत नाही. तिथली बरीच केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. लाँड्रीला ‘लाव्हान्देरिया’ म्हणतात. कपडे देताना ‘क्वान्दो सोनो प्रोन्ती?’, म्हणजे ‘कधी तयार होतील?’, एवढे विचारले की पुरते.

औषधांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे ‘फार्माचिया’. तिथे ‘ओ माल दि तेस्ता’ म्हणजे ‘माझे डोके दुखते आहे’. ‘तेस्ता’च्या जागी ‘गोला’ म्हटले की घसा आणि ‘देन्ती’ म्हटले की दात. आपल्याकडच्या गोळ्यांची व्यापारी नावे तिथे उपयोगी पडतीलच असे नाही, म्हणून नेहमीच्या औषधांची मूळ नावे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. ती बहुधा ओळखता येतात. पॅरासिटामॉलला तिथे ‘पाराचेतामोलो’ म्हणतात. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

खरी पंचाईत विचारण्यात नसून उत्तर समजण्यात आहे. तुम्ही नीट इटालियन बोललात की समोरचा तुम्हाला जाणकार समजून भरधाव सुटतो. तेव्हा ‘प्यू प्यानो, पेर फाव्होरे’, म्हणजे ‘जरा हळू’, असे सांगावे. किंमत किंवा वेळ असेल तर कागद पुढे करून ‘पुओ स्क्रीव्हेर्लो?’, म्हणजे ‘लिहून देता का?’, असे विचारावे. वही-पेन्सिल जवळ ठेवण्यात कमीपणा मानू नये.

बसचे कागदी तिकीट ‘तबाक्की’त, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात मिळते, बाहेर ‘टी’ अक्षराची पाटी असते. ‘व्होर्रेई दुए बिल्येत्ती’ म्हणून दोन तिकिटे घ्यावीत आणि बसमध्ये चढताच तिथल्या यंत्रावर त्यांची नोंद करावी, कारण नोंद न केलेले तिकीट तपासनीसाला सापडले, तर दंड भरावा लागतो.