विलीन, पण कशात?

प्रश्न असा आला आहे: मँचेस्टरच्या सरकारी रुग्णालयांवरच्या लेखाचं मराठी भाषांतर करताना ‘मर्जर’ला विलीनीकरण म्हणावं की एकत्रीकरण? आणि ‘अलायन्स’ला युती चालेल का?

पहिले दोन्ही शब्द चालतील, पण एकाच्या जागी दुसरा नाही. ‘विलीन झालं’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कशात? मीठ पाण्यात विरतं, पाणी मिठात नव्हे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. हे वाक्य उलटं फिरवता येत नाही. ‘एकत्र’ला असा ‘कशात’ लागत नाही. (विलीनमधला धातू ‘ली’, म्हणजे चिकटणं, विरघळणं. ‘रुग्णालया’तलं आलयही त्याच धातूचं. मला हे नातं फार आवडतं.)

आता मँचेस्टर. ऑक्टोबर २०१७ मध्ये शहराच्या मध्य आणि दक्षिण भागांतली रुग्णालयं चालवणारे दोन ट्रस्ट (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या संस्था) संपले आणि त्यांच्या जागी तिसराच, नवा ट्रस्ट उभा राहिला. कोण कशात विरलं? कोणीच नाही. इथे एकत्रीकरणच लिहा. एप्रिल २०२१ मध्ये नॉर्थ मँचेस्टर जनरल हे रुग्णालय याच ट्रस्टकडे आलं. ती सबंध संस्था नव्हती, पेनाइन अक्यूट या दुसऱ्या ट्रस्टचं एक रुग्णालय होतं. त्याला साधा ‘समावेश’ पुरे. उरलेला पेनाइन अक्यूट त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅल्फर्ड रॉयल ट्रस्टमध्ये गेला. ते मात्र खरं विलीनीकरण.

‘युती’ अर्थाने अगदी नेमका शब्द आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुरू आणि शनी यांची युती झाली तेव्हा दोघे जवळजवळ एकच दिसत होते, पण दोघांच्या कक्षा वेगळ्याच राहिल्या. अडचण एवढीच की आज युती म्हटलं की वाचकाला जागावाटप आठवतं. म्हणून रुग्णालयांसाठी मी ‘सहयोग’ लिहीन.

तुमच्या लेखात मात्र एक खाचखळगा आहे. सॅल्फर्ड आणि पेनाइन हे स्वतंत्र ट्रस्ट असताना संयुक्त कारभारासाठी नॉर्दर्न केअर अलायन्स हे नाव वापरत. २०२१ नंतर संस्था एकच झाली, नाव तेच राहिलं. तेव्हा २०२१ च्या आधीच्या परिच्छेदांत ‘सहयोग’ लिहा. नंतरच्या परिच्छेदांत ‘नॉर्दर्न केअर अलायन्स’ हे विशेषनाम जसंच्या तसं ठेवा, भाषांतर करू नका.