मुलगा ओहायोला एमएस करायला चाललाय. त्याने नार्कन जवळ ठेवावं का?

ठेवावं. नार्कन म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारा, नाकात मारायचा फवारा. ‘आमचा मुलगा त्यातला नाही’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच असेल. पण नार्कन स्वतःसाठी नसतंच हो. ओव्हरडोस झालेला माणूस बेशुद्ध, तो स्वतःच्या नाकात फवारा कसा मारणार? ते काम शेजारच्याचं.

मी ओहायोतच फार्मासिस्ट आहे. 2010 च्या सुमारास इथल्या पोर्ट्समाउथ गावात काही दवाखाने वेदनाशामक गोळ्या खिरापतीसारख्या वाटायचे. ते बंद पडल्यावर सवय लागलेले लोक हेरॉइनकडे वळले, मग फेंटानिल नावाचं वेदनाशामक नशेसाठी आलं, हेरॉइनच्या साधारण 50 पट जहाल. मे 2022 मध्ये कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाचे दोन विद्यार्थी दगावले. नकली अ‍ॅडरॉलमध्ये फेंटानिल सापडतंय, असा इशारा तेव्हा शहराच्या आरोग्य खात्याने दिला होता. अ‍ॅडरॉल म्हणजे परीक्षेच्या आधी रात्र जागायला मुलं एकमेकांकडून घेतात ती गोळी. मुलाला आधी हे सांगा, नार्कन नंतर.

मी स्वतः ते एकदाच वापरलंय, आमच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. गाडीत एक पोरगा घोरत होता. झोपलाय असं वाटून मी पुढे गेलो, पण ते घोरणं घशात पाणी अडकल्यासारखं होतं. परत येऊन पाहिलं तर नखं जांभळी. 911 लावला, एका नाकपुडीत फवारा मारला. तीन मिनिटं काही नाही. दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. मग तो उठला, मला एक सणसणीत शिवी दिली आणि ओकला. आभाराची अपेक्षा ठेवू नका. नशा एका झटक्यात उतरते, अंग मोडून येतं.

त्याला तिथून निघून जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही, कारण नार्कनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, फेंटानिल मात्र अंगात असू शकतं आणि श्वास पुन्हा मंदावतो. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याच्या कुत्र्याबद्दल नाही नाही ते प्रश्न विचारत बसलो.

2023 पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं, तेव्हा दोन फवाऱ्यांचा डबा साधारण 45 डॉलरला होता. विकत घेण्याआधी ‘प्रोजेक्ट डॉन’ या नार्कन वाटणाऱ्या उपक्रमाकडे विचारा, ओहायोत ते फुकट देतात. आणि मुलाला बजावा: चालतंय का बघायला दाबायचं नाही. एका नळीत एकच फवारा असतो.