वडिलांचं लेखन सर्वांसाठी खुलं करताना

प्रश्न : माझे वडील शिक्षक होते. देवळांतल्या उत्सवी नाटकांवर आणि धालोवर (गोव्यातल्या बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यांवर) त्यांनी पुष्कळ टिपणं लिहून ठेवली. १९९४ साली ते वारले. ही टिपणं आणि मी मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या जागी, फोनने रेकॉर्ड केलेली धालोगीतं ब्लॉगवर ठेवायची आहेत. कुणीही वापरावीत, पण स्वतःच्या नावावर छापू नयेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मोकळीक देणारा, परवाना लावला की झालं का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : परवाना लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनावरचा हक्क टिकतो, म्हणजे वडिलांच्या टिपणांवर तो २०५४ अखेरपर्यंत आहे. मृत्युपत्र नसेल तर तो सगळ्या वारसांचा. बहीण लग्न होऊन पेडण्याला गेली, तिला कशाला विचारायचं, असं करू नका. सगळ्यांची संमती लेखी घ्या, कारण हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. उद्या ब्लॉग बंद केलात, तरी ज्यांनी मजकूर आधीच उतरवून घेतला त्यांचा वापराचा हक्क राहतोच.

धालोचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गीतं परंपरेची, त्यांवर कुणा एकाची मालकी नाही. पण तुमच्या फोनमध्ये ज्या बायकांचे आवाज आहेत त्यांना कलावंत म्हणून कायद्यानेच ५० वर्षांचा हक्क दिला आहे. रेकॉर्ड करताना त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनी होकार दिला असं होत नाही. परत जा, ऐकवा, ‘हे जगात कुणीही ऐकेल, कदाचित विकेलही’ असं स्पष्ट सांगा. एखादीने नको म्हटलं तर तिच्या आवाजातलं गीत वगळा. ज्यांना चालेल त्यांची नावं वडिलांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्या. आपल्याकडे संकलकाचं नाव मुखपृष्ठावर येतं आणि गाणाऱ्या ‘गावातील महिला’ होतात, याचा मला मनापासून राग आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांत माझी पसंती सीसी बाय-एसए ४.० ला. वापरणाऱ्याने तुमच्या वडिलांचं नाव द्यायचं, बदल केला असेल तर तसं सांगायचं आणि त्यावरून नवं काही केलं तर तेही याच अटींवर खुलं ठेवायचं. ‘कुणी पैसे करू नयेत’ म्हणून बरेच जण व्यापारी वापराला मनाई करणारा एनसी परवाना घेतात. तो घेऊ नका. तसा मजकूर विकिपीडिया घेत नाही, आणि खर्च भागवण्यापुरती किंमत लावून पुस्तिका काढणारं एखादं मंडळही बिचकतं. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश बाय-एसएखाली खुला केला, म्हणून त्यातला मजकूर विकिपीडियावर घेता येतो. वडिलांच्या टिपणांनाही तशी वाट मिळू दे.

चोरी मात्र कुठलाच परवाना थांबवत नाही. नाव गाळून कुणी छापलं तर त्याचा परवाना आपोआप संपतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत त्याने ती सुधारली तर तो पुन्हा लागू होतो. म्हणून आधी साधं पत्र लिहा, वकील नंतर. आणि परवान्याची ओळ फक्त ब्लॉगच्या तळाशी नको, प्रत्येक पीडीएफच्या पहिल्या पानावरही हवी. पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा ब्लॉग तिच्यासोबत जात नाही.

प्रश्न : आमच्या जत्रेच्या स्मरणिकेत विकिपीडियावरचं देवळाचं छायाचित्र घेतलं आहे. खाली ‘साभार : इंटरनेट’ लिहिलं तर चालेल ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. छायाचित्रावर क्लिक केलंत की ते काढणाऱ्याचं नाव आणि परवाना दिसतो. नाव, परवाना आणि दुवा, तिन्ही छापा. कडा कापल्या असतील तर तसंही लिहा. एवढं सगळं छायाचित्राखाली दोन ओळींत बसतं. स्मरणिका अजून छापखान्यात असेल तर आजच फोन करा.