टेबलाखालची जागा: कुत्र्याला घेऊन जेवायला जाताना

मागच्या वेळी ओघात लिहिलं होतं की ठाण्यात हल्ली कुत्र्याला घेऊन बाहेर खायला जाता येतं. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. बहुतेकांनी 'कुठे जावं' असं विचारलंय. दवाखान्यात रोज कुत्री बघणारी बाई म्हणून मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: आपल्या कुत्र्याला तिथे बसायला आवडणार आहे का?

आम्ही कासारवडवलीला राहतो. दोन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. रविवारी त्याला एकट्याला घरी ठेवून जेवायला जाताना पाय निघत नाही. कुत्र्याला आत घेणाऱ्या ठाण्यातल्या हॉटेलांची यादी द्याल का?

यादी देत नाही, कारण ती महिनाभरही टिकत नाही. मॅनेजर बदलतो, शेजारच्या टेबलावरून एखादी तक्रार जाते, आणि कालचं 'या या' आज 'सॉरी मॅडम' होतं. यामागे नियमही आहे. खाद्यव्यवसायांच्या परवान्यासाठी २०११ साली केंद्राची जी नियमावली आली, तिच्या चौथ्या परिशिष्टात प्राणी, पक्षी आणि पाळीव जनावरांना खाद्यव्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नये असं म्हटलंय. म्हणून जो मालक हो म्हणतो, तो बहुधा बाहेरच्या उघड्या टेबलांपुरतं आणि स्वतःच्या जबाबदारीवर म्हणतो. नाही म्हणाला तर वाद घालू नका. तिथे आपण पाहुणे असतो.

शोधायचं कुठे ते मात्र सांगते. हिरानंदानी इस्टेट, हिरानंदानी मेडोज, पोखरण रोड नंबर दोन या भागांत तळमजल्यावरची, बाहेर चार टेबलं मांडलेली कॅफे सापडतात. नवी मुंबईत सीवूड्स आणि खारघरकडे फुटपाथ रुंद असल्याने कुत्र्याला घेऊन चालणंच मुळात सोपं जातं. नौपाड्यात, गोखले रोड किंवा राम मारुती रोडवर संध्याकाळी कुत्र्याला घेऊन जाऊ नका. तिथे माणसालाच पाऊल टाकायला जागा नसते, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर तर दुचाक्यांचे सायलेन्सर असतात. मामलेदारची मिसळ खायचीच असेल तर एकाने पार्सल आणावं, दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन लांब शांत जागी थांबावं.

फोन करून नुसतं 'कुत्रा चालतो का' असं विचारू नका. भिंतीला लागून कोपऱ्यातलं टेबल मिळेल का? वेटरची ये-जा त्याच बाजूने आहे का? स्पीकर कुठे लावलाय? आणि हे हमखास विचारा: हॉटेलात मांजर आहे का? असतेच! रविवारी दुपारी एक वाजता जाण्यापेक्षा सकाळी आठला जा, किंवा आठवड्यातल्या एखाद्या दिवशी चारच्या चहाला. घरून त्याची चटई न्या, पाण्याचं भांडंही त्याचंच. आणि निघण्याआधी तासभर फिरवून आणा. दमलेला लॅब्रेडॉर टेबलाखाली पसरतो, न दमलेला टेबल घेऊन चालू लागतो.

आमची इंडी, म्हणजे देशी, कुत्री तीन वर्षांची आहे, रस्त्यावरून आणलेली. घरी अगदी गुणी. पण दोनदा कॅफेत नेलं तर वेटर जवळ आला की गुरगुरते, एरवी टेबलाखाली दबून बसते, चिकनचा तुकडाही खात नाही. नवरा म्हणतो, नेत राहू, सवय होईल. होईल का? (पाचपाखाडी)

अशी सवय होत नाही. तुमचा प्रश्न वाचताना मला माझी भुरी आठवली. दवाखान्याच्या पायरीवर सापडलेली, आठ महिन्यांची. घरी आणल्यावर पंधरा दिवसांतच मी तिला मैत्रिणींबरोबर कॅफेत नेलं. दोन तास हलली नाही, आवाज नाही की काही नाही. मैत्रिणी म्हणाल्या, किती शहाणी आहे गं! मलाही कौतुक वाटलं. घरी येऊन फोटो बघितले आणि पोटात कालवलं. प्रत्येक फोटोत कान मागे चिकटलेले, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतायत, शेपटी पोटाखाली. ती शांत नव्हती, भीतीने गोठली होती. जे मी रोज तपासणीच्या टेबलावर ओळखते, ते कॉफी पिताना मला दिसलं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

भ्यायलेला कुत्रा नेहमी भुंकतोच असं नाही. झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, उकाडा नसताना धापा टाकणं, मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं, आवडता खाऊ नाकारणं या सगळ्या 'मला इथून न्या' अशा विनवण्या आहेत. त्या कोणी ऐकल्या नाहीत की गुरगुर येते. आणि गुरगुरल्याबद्दल कृपा करून रागावू नका. गुरगुरण्यावर ओरडा बसला तर कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सरळ दात लागतात.

भुरीला मी उलट्या टोकाने शिकवलं. आधी घरात. एक चटई घेतली, तिच्यावर बसलं की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. आठवड्याभरात चटई अंथरली की ती आपणहून येऊन पडायला लागली. मग तीच चटई जिन्याच्या खाली, मग सोसायटीच्या गेटपाशी. मग चहाच्या टपरीपासून वीस पावलांवर, फक्त पाच मिनिटं. कटिंग संपायच्या आत परत. ती चिकन खात असेल तरच पुढच्या वेळी दोन पावलं जवळ. खायची थांबली की आपण जास्त जवळ आलो, मागे सरकायचं. असं करत टेबलाखाली अर्धा तास निवांत बसायला तिला चार महिने लागले. तुमच्या कुत्रीला दोन लागतील किंवा आठ. वेटरना आधीच सांगून ठेवा: तिच्याकडे बघू नका, वाकू नका, हात पुढे करू नका.

आणि एवढं करूनही तिला नाहीच आवडलं तर? तर तिला घरी राहू द्या. उपवन तलावाच्या काठी पहाटेची चक्कर हीच तिची मेजवानी असेल. नवरोबांना हे माझं नाव घेऊन सांगा.

पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. लहानपणीच माणसांची सवय लावा म्हणतात, मग आत्ताच कॅफेत नेऊ का?

न्या, पण मांडीवर. जमिनीवर उतरवायचं नाही. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत, फरशीवर महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लसीकरण पूर्ण होत नाही. पण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन सगळ्यात उघडं असतं, ते दिवस घरात कोंडून घालवणंही नुकसानीचं. म्हणून कापडी पिशवीत किंवा कडेवर घेऊन पंधरा मिनिटं बसा. कुकरची शिट्टी, कपबशांचा आवाज, टोपीवाले काका, छत्रीवाल्या मावशी हे सगळं लांबून बघू दे. कोणी पिल्लू हातात मागितलं तर नाही म्हणायला शिका.

आमच्या ताटातलं त्याला काय चालतं? तो असा बघत बसतो की घास उतरत नाही. (वसंत विहार)

हॉटेलच्या ताटातलं जवळजवळ काहीच नाही. मुख्य अडचण कांदा-लसणाची. कच्चा, शिजवलेला, वाळवून मसाल्यात घातलेला, कसाही असला तरी तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि परिणाम बऱ्याचदा तीन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. तोपर्यंत हॉटेलात काय दिलं होतं हे कोणालाच आठवत नसतं. म्हणजे मिसळीचा रस्सा, पावभाजी, ग्रेव्हीतलं चिकन, शेवचिवडा, सगळं बाद. 'मी चिकन धुऊन देते' असं बऱ्याच जणी सांगतात. मसाला आत मुरलेला असतो, धुऊन जात नाही.

शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल ते प्रत्येक कुत्र्यात वेगळं, त्यामुळे एकही नको. चॉकलेट जितकं कडू तितकं वाईट. शिजलेलं हाड फुटून त्याचे सुळे होतात, ते घशात नाहीतर आतड्यात रुततात. बटर चिकन किंवा वड्याचं तेल यांनी स्वादुपिंडाला सूज येते, त्या दुखण्यात कुत्रं पाठ कमानीसारखी करून उभं राहतं. आणि पर्समधलं शुगर-फ्री च्युइंगगम. त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने अर्ध्या तासातही रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. पर्स खुर्चीला अडकवता ना? ती बरोबर त्याच्या नाकासमोर लोंबते. यातलं काहीही पोटात गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, वेष्टन हातात घेऊन तडक दवाखाना गाठा.

द्यायचंच असेल तर सांबार-चटणी न लावलेली इडली, फोडणी न घातलेला दहीभात, शहाळ्यातली थोडी मलई. त्याहून बरं, घरून डब्यात बिनमिठाचं उकडलेलं चिकन न्या. तो डबा टेबलावरून द्यायचा नाही, चटईवर ठेवायचा. तुमच्या घासाकडे बघायची सवय आपोआप सुटते.

मित्रांचा बेत येऊरला ढाब्यावर रात्री जेवायला जायचा आहे. मोकळी जागा, झाडं; आमच्या जर्मन शेफर्डला घेऊन जावं असं सगळे म्हणतायत.

नेऊ नका. येऊर हे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचंच ठाण्याकडचं अंग आहे, आणि त्या जंगलाच्या कडेने फिरणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. शेफर्ड आहे, मोठा आहे, म्हणून तो वाचेल असं समजू नका. ढाब्याच्या दिव्याच्या पलीकडे दहा पावलांवर लघवीला नेलेला पट्ट्याचा कुत्रा बिबट्याला सोपी शिकार आहे, आणि पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हातात.

दुसरी बाजूही आहे. आपली कुत्री जंगलात आजार नेतात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, कुत्र्यांना होतो तोच. उद्यानाच्या हद्दीत पाळीव कुत्रा न्यायचाच नाही. लस दिलेली असो वा नसो.

मला कुत्र्यांची भीती वाटते. गेल्या महिन्यात एका कॅफेत शेजारच्या टेबलावरचा कुत्रा येऊन माझ्या मुलीच्या पायाला नाक लावून गेला. मालकीण हसत म्हणाली, 'काही करत नाही तो.' मी तक्रार केली तर मी वाईट का?

अजिबात नाही. 'काही करत नाही' हे वाक्य आम्ही कुत्रेवाल्यांनी कायमचं सोडायला हवं. करतो की नाही हा मुद्दाच नाही, तुमच्या मुलीला तो जवळ नको होता. तुम्ही थेट मॅनेजरला सांगा, टेबल बदलून मागा, तो तुमचा अधिकार आहे.

कुत्रेवाल्यांना इथेच सांगते. पट्टा चार फुटांचा, हातात किंवा पायाखाली. गुंडाळी सुटणारा लांब पट्टा हॉटेलात आणू नये. खुर्चीला बांधू नये, खुर्ची ओढत पळालेली कुत्री मी टाके घालायला घेतली आहेत. कुत्र्याला खुर्चीवर बसवू नये, हॉटेलच्या ताटलीत खायला देऊ नये. रेबीजची लस दर वर्षी, आणि महापालिकेचा परवाना घेतलेला असावा. कोणाला दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस सुरू करायची. कुत्रा घरचा आहे म्हणून थांबायचं नाही.

पावसाळ्यात नेलं तर चालेल का?

साचलेल्या पाण्यातून चालत नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो आणि तो आपल्यालाही होतो. त्याची लस कुत्र्याला दर वर्षी द्या, घरी आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, गोचीड बघा. एप्रिल-मे मात्र पावसाळ्यापेक्षा वाईट. हाताची पालथी बाजू फरशीवर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्या दोन महिन्यांत दुपारी बाहेर काढूच नका.

आमचा मोती तेरा वर्षांचा आहे. यजमान होते तेव्हा दर रविवारी सकाळी तिघं तलावपाळीला जायचो, इडली खायचो. आता त्याला जिना उतरवत नाही, मागचे पाय धरतात. त्याला पुन्हा एकदा तिथे न्यावं असं फार वाटतं. हट्ट आहे का माझा? (नौपाडा)

काकू, हट्ट कसला! न्या. सांध्यांच्या औषधाची वेळ तुमच्या डॉक्टरांना विचारून तासभर आधीची धरा. जिन्यावरून उतरवताना मोठा टॉवेल त्याच्या पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. शेजारच्या एखाद्या मुलाला मदतीला घ्या. रिक्षा गेटपाशी बोलवा, सीटवर नको, खाली पायाशी त्याचं अंथरूण घाला. सकाळी साडेसहाला जा, तेव्हा ऊन नसतं आणि चालणाऱ्यांची गर्दीही आवरती असते. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतील, म्हणून बाकाजवळ तेच अंथरूण पसरा. इडली पार्सल मागवा, त्याची कोरडी, कोमट, बोटांनी कुस्करलेली. अर्धी पुरे.

जाताना पाण्याचा वास आल्यावर तो नाक वर करेल. तिथे त्याला घाई करू नका, हवा तितका वेळ हुंगू द्या.