इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचे ब्रेक बदलण्याआधी

अरे, डिस्क-पॅडची ऑर्डर देण्याआधी थोडं थांब. आपल्या गाडीत रोजचा वेग बहुतेक मोटरच, उलटी वीज तयार करून, कमी करते. इंदुरात राजवाडा ते विजयनगर गेलास, तरी पॅड जेमतेम कोमट होतात. म्हणून रेसिंगचे पॅड घेऊ नकोस. ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि किंचाळतात ते वेगळंच. थंड असतानाही पकडणारे पॅड घे.

खरी परीक्षा इंदूरजवळच्या भेरूघाटात. बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू लागलास, तर मोटरने तयार केलेली वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. मग एवढ्या जड गाडीचा सगळा भार डिस्कवर येतो. म्हणून निघताना चार्जिंग थोडं कमीच ठेव. आणि ब्रेक ऑइल आधी बदल. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरली की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

भोकांची डिस्क दिसते छान, पण भोकांपाशी तडे जातात. मला साधीच आवडते.

बसवताना हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने चकचकीत कर. माझ्या गाडीत हे राहून गेलं आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं. उघडून पाहिलं तर नखाएवढी गंजाची खपली! मागच्या चाकाचा, पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबण्याआधी हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी तो सैल ठेवणारी सेटिंग) टाकायला विसरू नकोस.