बढती नाकारली, ती कुणी?

प्रश्न : मुलगी बारावीला, मुलगा दहावीला. ती पोळ्या लाटते, हा जेवून थेट मोबाईलवर. याचा पुढे तिच्या नोकरीवर परिणाम होतो का? – एक आई, बार्शी

उत्तर : होतो हो, ताई. आमच्याकडे भावाला सायकल आली, मला पोळपाट. पुढे बँकेत बढती आली, ती बदलीसकट. 'घराचं कसं होणार?' हे कुणी विचारायच्या आधी मीच नकार लिहून दिला. भावाच्या तीन बदल्या झाल्या. त्याला हा प्रश्न सुचलाही नाही! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आज संध्याकाळी कुकर लेकाला लावू द्या. शिट्ट्याही त्यालाच मोजू देत, तुम्ही ओट्यापाशी जाऊ नका.