रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करणं सुरक्षित असतं का? दोन दिवसांचं ट्रेनिंग पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉटेलच्या लाँड्रीत तीन वर्षं काढलीत, आता एक ठेकेदार मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत घेतोय, 'दोन दिवसांत सगळं शिकाल' म्हणतोय, आणि घरचे मात्र 'रोग घेऊन येशील' म्हणून अडून बसलेत. मी २२ वर्षं याच कामात आहे. आधी मिरजेला मळकी गाठोडी सोडायला होते, आता नव्या माणसांना शिकवते. म्हणून लिहितेय.

मशीन चालवायला दोन दिवसांत येतं, यात ठेकेदार खोटं बोलत नाही. बटणं तीच, ड्रम तोच, तुम्ही ते चालवलेलंच आहे. हात शिकायला मात्र महिना जातो. तुम्हाला कदाचित थोडा जास्तच लागेल, कारण आधीच्या सवयी मोडाव्या लागतील. हॉटेलात चादर उचलली की आपण ती झटकतो, काखेत मारतो, दुसऱ्या हाताने उशीचा अभ्रा ओढतो आणि मधेच नाक खाजवतो. रुग्णालयात या चारही गोष्टी चुकीच्या.

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी भाषण देत नाही. धुतलेल्या चादरींवर सांगलीची हळद भुरभुरते, त्यांची गाठोडी बांधते आणि सांगते, सोडा, वेगळं करा, ट्रॉलीत भरा. अंगात पांढरे एप्रन. दहा मिनिटांनी सगळ्यांना आरशासमोर उभं करते. कुणाच्या भुवईवर पिवळं, कुणाच्या मास्कच्या आतल्या बाजूला, कुणाच्या मनगटावर जिथे हातमोजा संपतो तिथे. एका पोराच्या मोबाइलवर हळद आणि कानाच्या पाळीलाही हळद. फोन कधी उचलला ते त्याला आठवतही नव्हतं. बायकांच्या बहुतेक कपाळाशी, केस मागे सारताना लागलेली. ही हळद म्हणजे कुणाचं तरी रक्त, कुणाचा पू, कुणाचे जुलाब समजा, एवढंच मी बोलते. दुसऱ्या दिवशी कुणी चादर झटकत नाही.

चादर चारही कडांकडून मध्याकडे गुंडाळत आणायची, मळका भाग आत. अंगापासून लांब धरायची. पिशवी दोन-तृतीयांश भरली की तोंड बांधायचं, गच्च दाबून भरायची नाही, कारण दाबणाऱ्या हातालाच आतली वस्तू लागते. रक्ताने किंवा विष्ठेने भिजलेलं वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी लाँड्रीत कुणी हातांनी चाळत बसायचं नाही. पाश्चात्त्य देशांत यासाठी गरम पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्या असतात, पिशवीसकट ड्रममध्ये टाकतात. आपल्याकडे काही मोठ्या रुग्णालयांत त्या आल्यात, बाकी ठिकाणी हातच.

खरं म्हणजे लाँड्रीची अर्धी सुरक्षितता वॉर्डात ठरते. सिस्टर किंवा वॉर्डातल्या मावशीने बेड काढताना सुई, ब्लेड, कात्री उचलली की आमचं काम सोपं. नाही उचलली तर ती आमच्याकडे येते. मी गाठोड्यांतून काय काय काढलंय सांगू? आर्टरी फोर्सेप, ईसीजीच्या वायरी, कवळी, मंगळसूत्राची वाटी, अंगाऱ्याची पुडी, आणि एकदा चालू असलेला मोबाइल, ज्यावर 'आई' असा फोन येत होता. या सगळ्यांत सुई सर्वांत लहान आणि न दिसणारी.

मला ती लागली कामाला लागून दोन महिने झाल्यावर. ऑपरेशननंतरच्या वॉर्डातली ड्रॉ-शीट, म्हणजे पेशंटच्या कमरेखाली आडवी घालायची छोटी चादर होती, घडीत स्काल्प व्हेनची, म्हणजे शिरेत लावायची बारीक सुई अडकलेली. हातात पातळ हातमोजे, डॉक्टर तपासायला घालतात तसे. उजव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. मी काय केलं असेल? बोट पिळून रक्त काढलं, तोंडात धरलं, मग हायपोत, म्हणजे कपड्यांच्या क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये बुडवलं. तिन्ही चुका. सुपरवायझर म्हणाले, 'होतं असं, नोंद करायला लागलो तर रोज वही भरेल.' घरी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी एका ओळखीच्या सिस्टरला सहज बोलले, तर ती पांढरीफटक पडली. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, दोन तासांत झाली तर उत्तम, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. माझे ७२ तास उलटून गेले होते. पुढचे सहा महिने मी तपासण्यांच्या तारखा मोजत काढले. सगळं निगेटिव्ह आलं. पण ते सहा महिने मी मुलाला जेवण भरवताना सुद्धा घाबरायचे. याची तशी काहीच गरज नव्हती, पण मला हे सांगायला कुणी होतं कुठे!

म्हणून आता शिकवताना पहिला धडा हाच. सुई टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, जंतुनाशकात बुडवू नका. हातातलं काम टाकून लगेच सांगा आणि कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीची ही औषधं सरकारी रुग्णालयांतही मिळतात. पाहिलं तर सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता कमी, सुमारे हजारात ३. हेपटायटिस बी हे नाव (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) आपल्याकडे कुणाला फारसं घाबरवत नाही, पण लस न घेतलेल्या माणसाला त्याचा धोका शंभरात ६ ते ३० आहे, आणि तो विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. सुई वॉर्डात नीट उचलली गेली नाही तर ती आमच्यापर्यंत यायला सात दिवस लागत नाहीत.

यात आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वॉर्डात सिस्टरला सुई टोचली तर रुग्ण कोण ते माहीत असतं, त्याचं रक्त तपासता येतं. लाँड्रीत ३० वॉर्डांच्या चादरी एकत्र आल्यावर ती सुई कुणाची, कुणाला माहीत? म्हणून पिशवीला वॉर्डाचं नाव आणि तारखेची चिठ्ठी बांधलेली असली पाहिजे. आपल्याला वाटतं ती चिठ्ठी हिशेबासाठी. मला ती जीव वाचवणारी वस्तू वाटते.

हिशेबावरून आठवलं. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचं बिल नगावर असतं. म्हणून वॉर्डात जमिनीवर मळक्या चादरी पसरून 'एक, दोन, तीन' मोजतात, मग लाँड्रीत पुन्हा मोजतात. म्हणजे तीच घाण दोनदा उधळायची. बिल किलोवर केलं तर काटा मोजतो, माणसाला चादर उघडावी लागत नाही. मोजणी धुतल्यावर करा की, कोण नको म्हणतंय? पण हे मी कितीही सांगितलं तरी ऑफिसातल्या लोकांना नगांचा मोह सुटत नाही. तुम्ही जिथे जाताय तिथे कशावर बिल आहे ते विचाराच. त्यावरून पुढचं बरंच कळेल.

सुईला सगळे घाबरतात, खरजेला कुणी नाही. माझ्या पाहण्यात आमच्या माणसांना सुईपेक्षा खरूजच जास्त वेळा गाठली. पेशंट ॲडमिट होतो दुसऱ्याच कारणासाठी, खरूज कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तीन आठवड्यांनी आमच्यातल्या चार जणी बोटांच्या बेचक्या खाजवत बसतात. लांब बाह्यांचा एप्रन आणि कोपराजवळ पोचणारे जाड रबरी हातमोजे लागतात ते यासाठीही.

आता मशीन. नव्या मोठ्या लाँड्रीत बॅरिअर वॉशर भिंतीत बसवलेला असतो. मळक्या बाजूने भरायचं, धुतल्यावर पलीकडच्या स्वच्छ बाजूच्या दाराने काढायचं. दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत. हवाही स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे जावी अशी सोय असते. लाखो रुपयांची ही सगळी रचना एक माणूस 'जरा कात्री घेऊन येतो' म्हणत मळक्या एप्रनने पलीकडे गेला की वाया. तापमानाचं म्हणाल तर अमेरिकेतली शिफारस ७१ अंशांच्या पाण्यात किमान २५ मिनिटं अशी आहे. ब्रिटनमध्ये ६५ अंशांना १० मिनिटं किंवा ७१ अंशांना ३ मिनिटं, आणि कपडा आतपर्यंत तापायला लागणारा वेळ त्यावर वेगळा. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा: घड्याळ पाणी त्या तापमानाला पोचल्यावर सुरू होतं, बटण दाबल्यावर नाही. मधे लाईट गेली तर उरलेली मिनिटं मोजायची नाहीत. पहिल्यापासून.

हॉटेलातली आणखी एक सवय सोडा, डाग दिसला की हायपो ओतायची. रुग्णालयात त्वचा पुसायला क्लोरहेक्झिडिन वापरतात. ते लागलेली चादर हायपोत गेली की तपकिरी डाग पडतो तो कायमचा. मग माणूस आणखी हायपो ओततो. आमच्याकडे एका नवीन मुलाने अशी ४० चादरींची वाट लावली, आणि बिचारा शेवटपर्यंत पावडरीला दोष देत होता.

चादरी गेल्या तर जाऊ देत, रसायनात माणूस जायला नको. हायपो आणि सावर, म्हणजे शेवटच्या पाण्यात टाकायचं आम्ल, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या एका सहकाऱ्याने रात्रपाळीत डोसिंग पंपाचा, म्हणजे मशीनमध्ये रसायन मोजून सोडणाऱ्या पंपाचा कॅन भरताना हायपोच्या उरलेल्या कॅनमध्ये सावर ओतला. दोन श्वासांत घसा बंद. तो शहाणा, कॅन जागेवर टाकून बाहेर पळाला. दुसरा पुसायला आत गेला आणि त्याला दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. असं झालं तर पुसायचं नाही, झाकण शोधायचं नाही, बाहेर पडायचं आणि ओरडायचं. कॅनवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव हवं. आणि थंड पेयाच्या बाटलीत कुठलंही रसायन काढून ठेवलेलं दिसलं तर त्याच दिवशी भांडा.

हायड्रो, म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन, थांबायच्या आधी झाकण उघडून ओली चादर ओढायची नाही, इस्त्रीच्या रोलरपुढची सुरक्षापट्टी तारेने बांधून ठेवायची नाही, ओढणी-बांगड्या-कडं घालून मशीनपाशी जायचं नाही. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. ड्रायरचं मात्र थोडं सांगते. जाळीतली रुई दर पाळीला काढा, ती कापसासारखी पेटते. पंचकर्म असलेल्या रुग्णालयातले तेलकट टॉवेल असतील तर आणखी जपा. धुतल्यावरही तेल थोडं राहतं. ड्रायरमधून गरम काढून ढीग करून ठेवले की आतल्या आत तापत जातात आणि काही तासांनी कुणी काडी न लावता पेटतात. शेवटची थंड हवेची दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

ठेकेदाराला काय विचारायचं? २०१६च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत रुग्णालयावर जबाबदारी टाकलीय: असा कचरा हाताळणाऱ्या माणसाला रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, तशीच वैद्यकीय तपासणी, आणि हेपटायटिस बी व धनुर्वाताची लस. ठेकेदार म्हणेल, ते रुग्णालय बघतं. रुग्णालय म्हणेल, ही आमची माणसं नाहीत. गाठोड्यातून निघालेली सुई हा तोच कचरा आहे, आणि रक्ताने भिजून टाकून द्यायची झालेली चादरही पिवळ्या पिशवीतच जाते. तेव्हा 'आम्ही फक्त कपडे धुतो' हे उत्तर ऐकून घेऊ नका. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड कधी मिळणार ते विचारा, आणि सुई टोचल्याची वही दाखवा म्हणा. वही कोरी असेल तर खूश होऊ नका. इतक्या कामात वही कोरी असण्याचा अर्थ बहुतेक वेळा लोक सांगत नाहीत एवढाच असतो.

हेपटायटिस बीची लस मिळेल तेव्हा मिळेल असं करू नका. तिचे तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. ठेकेदार 'नंतर बघू' म्हणाला तर पहिला डोस स्वतःच्या खर्चाने घ्या. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासा. रिपोर्टात १० (mIU/ml) किंवा त्याहून जास्त आली म्हणजे लस लागू पडली.

राहिले घरचे. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं मला पुढच्या दाराने घरात घ्यायच्या नाहीत. मागच्या न्हाणीत अंघोळ, कपडे तिथेच, मग आत. मला फार राग यायचा, कारण त्यांच्या डोक्यात रोग नव्हता, विटाळ होता. पण खरं सांगू, पद्धत बरोबर होती, फक्त जागा चुकीची. तो युनिफॉर्म माझ्या घरी यायलाच नको होता. तो लाँड्रीतच धुतला जावा, अंघोळ निघायच्या आधी तिथेच व्हावी, घरचे कपडे कुलपाच्या कपाटात राहावेत. तेव्हा वहीबरोबर न्हाणीघर कुठे आहे तेही बघून या, आणि त्याला पाणी येतं का, नळ सोडून बघा.